मिलानला निघण्याआधी घर मोजून घे

तू विचारलंस ते सरळ होतं. साताऱ्यात इंटिरियरचा डिप्लोमा झालाय, मिलानला मास्टर्सला यायचंय, हाताने ड्रॉइंग बरं जमतं पण रेंडरिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर खोलीचं खऱ्यासारखं चित्र काढणं, कच्चं आहे. तर आधी काय शिकू, लॅपटॉप कोणता घेऊ, कागदपत्रांचं कसं असतं आणि ताई, एकटं वाटतं का? पण मध्येच एक ओळ लिहून गेलीस, की घर जुनं आहे आणि तू गेल्यावर बाबा ते पाडून नवीन बांधणार आहेत. दोन दिवस मी त्या ओळीपाशीच अडकलेय.

व्हिसा, फी, शिष्यवृत्ती यांचं सगळं दूतावासाच्या आणि विद्यापीठांच्या साइटवर आहे. ते तू वाचलंच असशील.

लॅपटॉपचं पटकन सांगते. मॅक घेऊ नकोस, खोल्यांचं मॉडेल बनवायचं थ्रीडीएस मॅक्स हे सॉफ्टवेअर मॅकवर चालतच नाही. रेंडरिंगची दोन सॉफ्टवेअरं लागतील: कोरोना सगळा भार प्रोसेसरवर टाकतो आणि व्ही-रे जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर, चालवायचं तर एनव्हिडियाचं कार्ड बरं, म्हणून दोन्हीत कंजुषी नको. तोवर घरी बसून ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिक, फुकट आहे. एकदा एका सॉफ्टवेअरमध्ये प्रकाश कळला की बाकी नुसती बटणं शोधायची असतात.

प्रकाशच कळत नाही, ही खरी गोम आहे. मी चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना ए ग्रेडवाली, त्यामुळे इथे आले तेव्हा बराच तोरा होता. पहिल्याच सेमिस्टरला डिसेंबरमधल्या दुपारचा एका फ्लॅटचा हॉल रेंडर करायचा होता. शहाबादीसारखी करडी फरशी, दक्षिणेची मोठी खिडकी, आणि खिडकीशी उन्हाचा एक छानसा चौकोन. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे कुठलं शहर?" मला वाटलं कौतुक आहे. मी सूर्य हाताने, शोभेल तिथे ठेवला होता आणि नकळत तो पुण्याचा सूर्य होता. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो, मिलानमध्ये जेमतेम २१. खिडकीची वरची कड जमिनीपासून २.२ मीटरवर असेल, तर पुण्यात ऊन दोन मीटर आत येऊन थांबतं. मिलानमध्ये तेच पावणेसहा मीटर आत शिरतं, सोफा ओलांडून समोरच्या भिंतीवर चढतं. (अर्थात धुकं नसेल तर. इथल्या हिवाळ्यात तो 'तर' फार मोठा आहे.)

तेव्हापासून मी सूर्य हाताने ठेवत नाही. अक्षांश, तारीख, वेळ टाकते. भिंतीला शंभर टक्के पांढरा देत नाही, कारण खरा पांढरा रंगही सगळा प्रकाश परत फेकत नाही. तसा दिला की प्रकाश खोलीभर उसळत राहतो आणि सगळं पिठासारखं दिसतं. टेबलाच्या कडा मिलिमीटर-दोन मिलिमीटर गोल करते, म्हणजे कडेवर प्रकाशाची बारीक रेघ येते. ती नसली की डोळा लगेच म्हणतो, खोटं. यातलं काही सॉफ्टवेअरने आपणहून शिकवलं नाही, वही घेऊन खोल्यांमध्ये बसून कळलं. म्हणून हाताचं ड्रॉइंग सोडू नकोस.

आणि आलीस की पहिल्या आठवड्यात दुओमोजवळ, म्हणजे इथल्या मोठ्या कॅथेड्रलजवळ, व्हिया तोरिनो रस्त्यावरच्या सान सातिरो चर्चमध्ये जा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ब्रामान्ते या वास्तुकाराला तिथे वेदीमागे जागाच नव्हती, मागे लगेच रस्ता. त्याने एक मीटरहूनही कमी खोलीत, गिलाव्यात, कमानींचं लांबलचक दालन उभं केलं. दारातून बघितलंस तर आत चालत जावंसं वाटतं. बाजूने बघितलंस तर सगळं चपटं. मी उदास झाले की तिथे जाऊन बाजूला उभी राहते.

एकटं वाटतं का? वाटतं. सवय होते. पुढे.

कागदपत्रं. विद्यार्थ्यांसाठी 'पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो' म्हणून वास्तव्याचं कार्ड असतं. आल्यापासून आठ कामाच्या दिवसांत पोस्टातून अर्ज करायचा. त्याला १६ युरोचा स्टॅम्प लागतो, तो मिळतो तंबाखूच्या दुकानात. आपल्याकडे पानटपरीवर स्टॅम्पपेपर मिळावा तसं, आणि याचं इथे कोणालाच हसू येत नाही. मग पोस्टाची पावती घेऊन बसायचं. माझं एक वर्षाचं कार्ड हातात आलं तेव्हा त्याचे पाचच महिने उरले होते. मधल्या सात महिन्यांत ती पावती इतकी दाखवली की घडीवर फाटली.

त्याच सात महिन्यांत, २०१६च्या फेब्रुवारीत, आमचा सदाशिव पेठेतला वाडा रिकामा करायचं ठरलं. बिल्डरला ताबा द्यायचा होता. मी एका खिडकीवर विचारलं, तर तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, कार्ड येईपर्यंत देशाबाहेर जाऊ नका. मी घरी कळवून टाकलं, येता येत नाही. पुढे वर्षभराने एका मैत्रिणीकडून कळलं की पावतीवर मायदेशी जाऊन परत येता येत होतं, फक्त वाटेत दुसऱ्या शेंगेन देशात, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांपैकी कुठल्याही, विमान बदलायचं नाही. दोहावरून गेले असते तर झालं असतं.

कित्येक वर्षं ही गोष्ट मी त्या माणसाच्या नावाने सांगितली. आता तुला सांगते, नियम मी स्वतः काढून वाचला नव्हता. त्या आठवड्यात सबमिशन होतं, रेंडर रात्रभर लावून सकाळी उठून बघायची धावपळ होती, आणि 'येता येत नाही' हे उत्तर मला सोयीचं पडलं. आईने फोनवर एकदाच विचारलं, "तुला काही ठेवायचंय का गं?" मी म्हटलं, ठेवा तुम्हाला वाटेल ते. तिने माझी इंटरमिजिएटची सर्टिफिकिटं आणि पितळी कडी ठेवली.

मग दादाने बिल्डरचा थ्रीडी व्ह्यू व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली चकचकीत फुटपाथ, त्यावर एक गोरं जोडपं, हातात शॉपिंग बॅगा. पेठेत! खूप हसले. आणि आता पोटासाठी मी तेच करते. मिलानजवळच्या ब्रियांझा भागातल्या फर्निचरवाल्यांसाठी कोणीच राहत नाही असे हॉल बनवते. कॅमेरा सव्वा मीटर उंचीवर, लेन्स जरा वाइड, म्हणजे खोली ऐसपैस दिसते.

तीन वर्षांपूर्वी मी वाडा मॉडेल करायला घेतला. मला वाटलं सगळं डोळ्यांसमोर आहे, मेमरी ड्रॉइंगमध्ये आपला हात कोण धरणार. बसले तर माजघराची रुंदी येईना. फोटो काढून बघितले, प्रत्येक भिंतीसमोर कोणीतरी उभं. मुंज, डोहाळजेवण, दिवाळी, आणि मागे दिसतो तो अर्धा कोनाडा नाहीतर दोन खुंट्या. शेवटी मुंजीच्या एका फोटोत फरशीचे सांधे सापडले. त्यांच्या रेघा लांबवून त्या जिथे मिळतात तो व्हॅनिशिंग पॉइंट काढला, फरशी दोन फुटी धरली आणि पर्स्पेक्टिव्ह उलटं चालवून खोली मोजली. साडेअकरा फूट आली. दादा म्हणतो, हट्, चांगली चौदा होती. आई म्हणते देवघराचा कोनाडा डावीकडे, दादा म्हणतो उजवीकडे. कडीपाटाच्या तुळया किती, हे कोणालाच सांगता येत नाही. खिडकी पूर्वेला होती एवढं नक्की, म्हणून ऊन तेवढं बरोबर पडतं, सकाळी साडेआठचं. बाकी मॉडेलमधल्या भिंती अजून करड्याच आहेत, मटेरियल, म्हणजे रंग-पोत, दिलेलं नाही.

तेव्हा कोणता कोर्स आधी, हे नंतर बघू. या रविवारी पाच मीटरची टेप आणि वही घे. कोणाला तरी टेपचं दुसरं टोक धरायला लाव, बाबांनाच लाव. खोल्यांचे कर्ण घे, जुन्या घरात एकही कोपरा काटकोनात नसतो. फोटो काढताना सगळ्यांना बाजूला व्हायला सांग. खिडक्यांची दिशा लिही. आणि जिना एका पायरीवरून गुणाकार करून काढू नकोस, प्रत्येक पायरी वेगळी मोज.