परसातला उंच गेलेला पेरू आणि लिंबू: छाटणी कशी करावी?

प्रश्न (फलटण तालुक्यातील एक ताई): घरामागे आठ वर्षांचा सरदार पेरू आहे. पंधरा फुटांवर गेलाय, फळं शेंड्यालाच लागतात आणि पावसाळ्यात सगळी किडकी निघतात. शेजारी कागदी लिंबू आहे. मे महिन्यात दोन्ही छाटले तर चालतील का?

उत्तर: नमस्कार ताई. पेरू जरूर छाटा, लिंबाला मात्र तशी कात्री लावू नका.

पेरूला फळ धरतं ते नव्या फुटीवर, पानांच्या बगलेत. तुमच्या झाडात खाली ऊन पोहोचत नाही, म्हणून नवी फूट वरच येते आणि फळंही तिथेच. तेव्हा आधी मधली उभी वाढलेली एक-दोन फांदी सात-आठ फुटांवर उतरवा, झाड आतून मोकळं होऊ द्या. उरलेल्या उंच फांद्या पुढच्या मे महिन्यात. एकदम सगळं बोडकं केलं तर उन्हानं साल भाजते. मेंदीच्या कुंपणासारखे नुसते शेंडे कातरलेली झाडं पाहिली की वाईट वाटतं, कारण त्यानं आतली गर्दी तशीच राहते.

जाड फांदी कापताना करवत आधी खालच्या बाजूनं, बुंध्यापासून वीतभर अंतरावर चालवा, मग थोडं पुढे वरून कापा. उलटं केलं की फांदी साल सोलत खाली येते. उरलेला खुंट शेवटी, फांदी बुंध्याला मिळते तिथल्या फुगवट्यालगत काढा, फुगवटा कापू नका. जखमेला त्याच दिवशी बोर्डो मलम लावा: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळे भिजवून एकत्र करायचे, सगळं मिळून पाणी एक लिटर. भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंडी नको.

आता किडीचं. फळमाशी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, आतल्या अळ्या पुढे मातीत उतरून कोष करतात. पावसाळी फळाला हा त्रास सर्वांत जास्त. म्हणून मे महिन्यात पाणी तोडून, छाटून मृग बहार धरा. पावसाबरोबर फूट येईल, फुलं लागतील आणि फळं थंडीत, कमी किडीत मिळतील. फूट वीतभर झाली की शेंडा खुडा, बगलफुटी वाढतात. आत्ताची गळकी फळं रोज वेचून दोन फूट खोल पुरा. मिथाईल युजेनॉलचा (वासानं फळमाशीला ओढणारा) सापळा टांगा, पण त्यात फक्त नर सापडतात, म्हणून वेचणी चुकवू नका.

लिंबाची फक्त वाळकी सल आणि सरळसोट वाढणारे पाणसोट काढा, जमिनीला टेकणाऱ्या फांद्या थोड्या उचलून घ्या. बस्स. जोरात छाटलं की ते पाला वाढवत बसतं आणि फळ लांबतं.

आंब्याचं विचारलं नाहीत, पण अनेक परसांत असतो म्हणून सांगतो: तो पक्व काडीच्या शेंड्यावर मोहरतो, तेव्हा त्याची छाटणी फळं उतरवल्याबरोबर, जूनमध्येच करावी. हिवाळ्यात कात्री लावली तर त्या वर्षीचा मोहरच कापला जातो.