उत्तर आले, उकल राहिली

प्रश्न : गेली कित्येक वर्षे मी वर्तमानपत्रातील शब्दकोडे सकाळच्या चहाबरोबर सोडवते आणि ते बहुधा पूर्ण होते. इंग्लंडमध्ये शिकणारा माझा नातू तिथल्या ‘क्रिप्टिक’ शब्दकोड्यांच्या नादी लागला असून हल्ली तो त्याच धर्तीवर मराठी क्लू रचून मला पाठवतो. परवाचा क्लू असा होता : ‘मंडई शोधायची? मद्यालयात जा! (३)’. मी ‘बाजार’ असे उत्तर कळवले, तर तो म्हणतो, “आजी, उत्तर बरोबर आहे, पण तू कोडे सोडवलेले नाहीस.” मंडई म्हणजे बाजार हे मला कळते, मद्यालयाचा त्याच्याशी काय संबंध? मग मीही त्याला एक क्लू पाठवला : ‘नवरा बिथरला की माकड (३)’, उत्तर ‘वानर’. हा नियमात बसत नाही, असे त्याचे म्हणणे. आमच्या यजमानांनाही तो मान्य नाही, पण त्यांची कारणे वेगळी असावीत. खरे काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या नातवाचे बोलणे थोडे आगाऊ वाटले तरी खरे आहे. आपण ‘बाजार’ लिहिले ते ‘मंडई’ या एकाच शब्दाच्या आधारावर, म्हणजे नेहमीच्या कोड्याच्या सवयीने. मंडईला तीन अक्षरी दुसरा एखादा प्रतिशब्द आधी आठवला असता, तर आपण तोही तितक्याच खात्रीने लिहिला असता. क्रिप्टिक क्लूमध्ये उत्तराकडे नेणाऱ्या दोन वाटा असतात. एक सरळ अर्थाची. ती, काही अपवाद वगळता, वाक्याच्या आरंभी किंवा शेवटी असते, मध्ये नसते. दुसरी वाट शब्दाच्या घडणीची. मद्यालय म्हणजे ‘बार’, आणि त्या ‘बार’मध्ये ‘जा’ हे अक्षर नेऊन बसवायचे : बा, जा, र. ‘मद्यालयात जा’ ही आपल्याला पायी चालण्याची सूचना वाटते, प्रत्यक्षात ती अक्षराने कुठे जावे याची सूचना आहे. ‘शोधायची?’ हा दोन वाटांना जोडणारा सांधा, आणि विरामचिन्हे केवळ चकवण्यासाठी. एकही शब्द वाया न घालवता इतकी नैसर्गिक वाक्यरचना साधणे सोपे नाही. मुलाला शाबासकी द्यायला हरकत नाही.

शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात झाला, तेव्हा त्यात सरळ अर्थच विचारलेले होते. ही आडवळणाची तऱ्हा इंग्लंडमध्ये १९२०च्या दशकात रुजली. लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये १ फेब्रुवारी १९३० पासून शब्दकोडे येऊ लागले. चकवण्याला मर्यादा हवी, हे तिथल्या कोडेकारांच्या लवकरच लक्षात आले. ‘आफ्रित’ या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या गृहस्थांनी १९४९ साली जो दंडक घालून दिला त्याचा आशय असा : वाक्यातून जे वरवर ऐकू येते तोच कोडेकाराचा अर्थ असला पाहिजे असे नाही, मात्र त्याला जे सांगायचे आहे ते त्या शब्दांत असलेच पाहिजे. म्हणूनच क्लूमधल्या प्रत्येक शब्दाचा हिशोब लागल्याखेरीज उकल पूर्ण झाली असे मानत नाहीत.

हा सगळा प्रकार परका वाटण्याचे मात्र कारण नाही. शाळेत संस्कृत घेतले असेल तर हा कूटश्लोक आठवेल : ‘केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः। रुदन्ति कौरवाः सर्वे हा केशव कथं गतः॥’ केशव पडलेला पाहून द्रोणाचार्यांना हर्ष झाला आणि कौरव मात्र रडू लागले, हा अर्थ महाभारताची ओळख असलेल्या कोणालाही खटकेल. ‘केशवं’ हा शब्द तोडून ‘के शवं’ असा वाचला की ‘पाण्यात प्रेत’ असा अर्थ निघतो. द्रोण म्हणजे डोमकावळा, कौरव म्हणजे कोल्हे. पाण्यावरच्या प्रेतापर्यंत कावळा उडत जाऊ शकतो, कोल्ह्यांना काठावरच राहावे लागते, म्हणून त्यांचे रडणे. शब्द कुठे तोडायचा आणि कोणता अर्थ सोडून द्यायचा, हीच क्रिप्टिक कोड्याची मेहनत आहे. ‘मोटारीमागे ओझे म्हणजे प्रशासन (४)’ याची उकल आपल्याला आता क्षणात होईल : कार आणि भार, कारभार. ‘का व्यवहारात दडली आहे कविता? (२)’ यात तर उत्तर डोळ्यांसमोर छापलेले आहे. ‘का’ आणि ‘व्यवहार’ यांमधली मोकळी जागा पुसून वाचा. तक्रारीच्या सुरातले ते वाक्य विसरता आले, की ‘काव्य’ दिसते.

आता नवरा आणि वानर. क्लूमध्ये ‘बिथरला’, ‘विस्कटला’, ‘गोंधळला’ असे शब्द आले की शेजारच्या शब्दातील अक्षरे उलटसुलट लावायची असतात. ‘लेखणीने कमल विस्कटले (३)’ येथे क, म, ल ही अक्षरे नव्याने लावून ‘कलम’ मिळते आणि कोणी तक्रार करत नाही. ‘नवरा’मध्ये मात्र न, व, रा ही अक्षरे आहेत आणि ‘वानर’मध्ये वा, न, र, म्हणजे आपण ‘रा’चा काना काढून ‘व’ला दिला. इंग्रजीत ही अडचण येत नाही, कारण तिथे स्वरही सुट्या मण्यासारखा वेगळा असतो. आपल्या कोड्यात एका चौकोनात एक अक्षर त्याच्या काना-मात्रेसकट बसते, ‘व्य’सारखे जोडाक्षरही एकाच चौकोनात मावते, त्यामुळे काना सुटा करणे म्हणजे पूर्वसूचना न देता खेळाचे नियम बदलणे होय. या मुद्द्यावर माझे मत नातवाच्या बाजूने आहे.

तरीही कल्पना इतकी चांगली आहे की ती टाकून देऊ नये. काना हलणार आहे, हे वाक्यातच सांगून टाकले की आक्षेप उरत नाही : ‘नवरा कान्यासकट बिथरला की माकड (३)’. वाक्याचा डौल थोडा कमी होतो, हे खरे. पण आता प्रत्येक शब्दाचा हिशोब लागतो. यजमानांच्या आक्षेपावर या सदरात तोडगा नाही.