उंची 6 फूट 1 इंच आहे, स्प्लेंडरवर गुडघे आखडतात. पाय पुढे टाकून बसायची गाडी घेऊ का?

भाऊ, दिग्रस-आर्णीकडची खेडी रोज फिरायची आणि त्यासाठी बजाजची पाय पुढे टाकून बसायची अॅव्हेंजर घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. नुसता नागपूर-हैदराबाद हायवेच असता तर घ्या म्हटलं असतं. पांदण रस्त्यांसाठी नका घेऊ.

स्प्लेंडरचे फूटरेस्ट जवळपास बुडाखाली येतात. खड्डा दिसला की पायावर जोर देऊन जरासं उठता येतं, दणका गुडघे-घोटे सोसतात. पाय पुढे असले की हँडल ओढल्याशिवाय उठता येत नाही, सगळा मार माकडहाडावर. उंच माणसाला शोरूममध्ये अॅव्हेंजर आवडते कारण पाय मोकळे होतात, पण शोरूमच्या फरशीवर खड्डे नसतात.

अॅव्हेंजरची सीट जमिनीपासून 737 मिमी, स्प्लेंडरची 785. लोक हाच आकडा बघतात. तो फक्त थांबल्यावर पाय टेकतात की नाही ते सांगतो. चालवताना गुडघा किती दुमडणार, हे सीट आणि फूटरेस्ट यांच्यातल्या अंतरावर ठरतं, अन् ते जाहिरातीत छापत नाहीत. टेप घेऊन स्वतःच मोजायचं.

तुमचं दुखणं तिथंच आहे. म्हणून पाय पुढे नेण्याआधी सीट वर न्या. तालुक्याला सीट-कव्हरवाला असतोच, त्याच्याकडून इंचभर कडक फोम टाकून घ्या. मऊ फोम दबून जातो. पुढचा भाग अरुंदच ठेवायला सांगा, नाहीतर मांड्या फाकतात आणि थांबल्यावर पाय पुरत नाहीत. धाकटा भाऊ 5 फूट 4 इंच आहे आणि तोही हीच गाडी चालवतो म्हणता, तर अर्ध्या इंचावर थांबा. मागे खताची बॅग बांधत असाल तर ती तुम्हाला टाकीकडे रेटते आणि गुडघे आणखी दुमडतात. ती कॅरिअरवर मागे सरकवा.

मग गिअरचा लिव्हर. मोठ्या पायाच्या माणसाचा पंजा पुढच्या आणि टाचेच्या पट्टीमध्ये अडकतो. 10 नंबरच्या पान्याने बोल्ट पूर्ण काढा (नुसता सैल करून लिव्हर निघत नाही), आतल्या दातेरी दांड्यावर तो एक दाता वर किंवा खाली बसवून बघा. दोन्ही पट्ट्या एकाच तुकड्यात असतात, पुढची वर गेली की टाचेची खाली येणारच. काही जण टाचेची पट्टी कापून टाकतात. बूट घालत असाल तर चालेल. चपलेवर पंजाने लिव्हर वर उचलणं जिवावर येतं. ब्रेकचं पेडल हलवलं तर गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक मोकळं फिरतं का, आणि ब्रेक लाइट पाय दाबल्यावरच लागतो का, हे पाहिल्याशिवाय निघू नका.

लेगगार्डवर पाय टाकून बसायची सवय मात्र सोडा. ताशी 60 किमी वेगाने गाडी सेकंदाला 16-17 मीटर जाते. रोही (नीलगाय) आडवा आला तर पाय ब्रेकवर येईस्तोवर गाडी त्याच्या अंगावर.

एवढं करूनही गुडघे दुखले तरच गाडी बदला, आणि मग हिरोची एक्सपल्स 200 बघा: सीट 825 मिमी, फूटरेस्ट बुडाखाली. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 450 ची सीट 825 ची 845 करता येते, तुम्हाला ती छानच बसेल. पण 196 किलोचं धूड जुलैत काळ्या मातीतून एकट्याने काढायचं म्हणजे, राजेहो, बैलजोडीच लागेल.

टेस्ट राइडला गावाकडच्या फुटक्या रस्त्यावर न्या आणि हँडल न ओढता उठता येतं का ते पाहा. पावसाळ्यात गमबूट घालत असाल तर तेच घालून जा, लिव्हरखाली गमबूट शिरतो का ते तिथंच कळेल.