चिंचेच्या गरातील ‘सायट्रिक आम्ल’ आणि पिवळी पडलेली प्लेट : बडोद्याहून एक सविस्तर उत्तर

ताई, आपल्या इंदूरच्या उद्योगातील चिंचेच्या गराच्या तपासणी अहवालात सायट्रिक आम्ल नऊ टक्क्यांच्या वर आले, त्यावरून खरेदीदाराने लिंबूसत्त्व मिसळल्याचा संशय घेतला, आणि आपल्या भाचीने महाविद्यालयात टीएलसी (सिलिकाचा पातळ थर दिलेल्या प्लेटवर द्रावक चढू देऊन मिश्रणातले घटक वेगळे करण्याची पद्धत) करून पाहिली तेव्हा आम्लाचे ठिपके दाखवणारा रंग फवारताच सगळी प्लेट पिवळी झाली, हे वाचले. बडोद्यात आमच्या लहानशा कारखान्यावर अगदी हाच प्रसंग ओढवला होता, म्हणून सविस्तर लिहितो. मी चिंचेवर प्रक्रिया करणारा उत्पादक आहे, अन्नविश्लेषक नाही. कायदेशीर वाद उभा राहिला तर माझ्या लिहिण्याला पुरावा मानू नये.

आधी प्लेटविषयी. थेंब कसे लावावेत, टाकी द्रावकाच्या वाफेने कशी भरून घ्यावी, हे भाचीला येत असणारच, म्हणून ते सोडतो. ब्युटॅनॉल, ॲसेटिक आम्ल आणि पाणी (४:१:५, वरचा थर) या द्रावकातले ॲसेटिक आम्ल मुद्दाम घातलेले असते, कारण त्याच्यामुळे नमुन्यातील आम्लांचे आयनीभवन (विद्युतभारित कणांत फुटणे) दबते आणि ठिपक्यांना शेपटे फुटत नाहीत. मात्र तेच आम्ल प्लेटवर राहिले तर ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हा फवारायचा दर्शक (आम्लतेनुसार रंग बदलणारा पदार्थ) सगळीकडेच पिवळा पडतो, कारण हा दर्शक पीएच ३.८ च्या खाली पिवळा आणि ५.४ च्या वर निळा असतो. प्लेट हाताला कोरडी लागली म्हणजे आम्ल उडाले, असे नव्हे. ॲसेटिक आम्ल ११८ अंशांना उकळते आणि सिलिकाला चिकटून राहते. बडोद्याच्या पावसाळी हवेत तर ते निघता निघत नाही. प्लेट १०० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवून आंबट वास पूर्ण जाईपर्यंत वाळवावी, आणि फवारणीपूर्वी एका रिकाम्या कोपऱ्यात दर्शकाचा एकच थेंब टाकून पाहावा. तो थेंब निळा राहिला तरच फवारावे. हिरवट-पिवळा झाला तर प्लेट पुन्हा ओव्हनमध्ये ठेवावी. ॲसेटिकऐवजी फॉर्मिक आम्ल वापरले तर ते लवकर उडते, पण त्याची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते, म्हणून ते काम धूरकपाटातच करावे. दर्शक ०.०४ टक्के, अल्कोहोलमध्ये, आणि त्यात सौम्य कॉस्टिक सोडा थेंबथेंब घालून नुकताच निळा केलेला असावा.

आता ज्या गोष्टीने आम्हाला सर्वांत जास्त नुकसान सोसावे लागले, तिच्याविषयी. चिंचेचे मुख्य आम्ल टार्टरिक असते आणि गरात त्याचे प्रमाण साधारण ८ ते १८ टक्के आढळते. सायट्रिक असलेच तर अगदी थोडे. आम्ही जगदलपूरची चिंच वापरत होतो आणि तिच्यात बाहेरून काहीच घालत नव्हतो. ज्या खासगी प्रयोगशाळेकडे नमुना दिला, तिने कॉस्टिक सोड्याने साधे अनुमापन (आम्ल संपेपर्यंत मोजून अल्कली घालणे) केले आणि निकाल सायट्रिक आम्लाच्या हिशोबात काढला. हा हिशोब गैर नाही, अनेक फळांच्या बाबतीत तशी रूढीच आहे; पण तेव्हा ‘एकूण आम्लता, सायट्रिक आम्लाच्या स्वरूपात’ असे स्पष्ट लिहावे लागते. त्यांनी अहवालात छापले ते फक्त ‘सायट्रिक आम्ल : १०.२ टक्के’. अनुमापनाला आम्ल कोणते हे कळत नाही. किती अल्कली खर्च झाली एवढेच कळते. टार्टरिकचा सममूल्यभार (ठरावीक अल्कली उदासीन करायला लागणारे आम्लाचे वजन) ७५ आणि निर्जल सायट्रिकचा ६४, त्यामुळे तेवढ्याच अल्कलीवरून टार्टरिक १२ टक्के किंवा सायट्रिक १०.२ टक्के, असे दोन्ही आकडे निघतात. खरेदीदाराने आकड्यापुढचे नाव वाचले आणि माल परत पाठवला.

आम्ही दुरुस्ती मागितली तेव्हा खिडकीवरच्या माणसाने संगणकातला अहवालाचा साचा ठरलेला आहे आणि त्यात शब्द घालता येत नाहीत, असे सांगितले. विश्लेषकाला भेटू दिले नाही. लेखी अर्ज केला तर उत्तर आले की नमुना नष्ट केला आहे, नवा नमुना आणि नवे शुल्क द्यावे. एक ओळ बदलायची होती, आणि ती न बदलल्यामुळे एका प्रामाणिक उत्पादकाच्या नावाला भेसळीचा डाग लागला. ते आठवले की आजही संताप येतो. म्हणून माझे ठाम मत आहे की नमुना देण्यापूर्वीच विचारावे : आम्ले वेगवेगळी मोजणार का, कोणत्या पद्धतीने मोजणार, आणि ती चाचणी तुमच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या व्याप्तीत आहे का? ही मान्यता चाचणीनिहाय असते. भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरून हे कळत नाही. एचपीएलसीने (नमुना दाबाने स्तंभातून ढकलून घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) आम्ले वेगळी करून मिळत असतील तर जास्त पैसे देऊन तेच करून घ्यावे. आणि सीलबंद राखीव नमुना आपल्याकडे ठेवावा.

तोवर टीएलसी चांगली साथ देते. गर पाण्यात ढवळून गाळून घेतल्यावर तो अर्क हायड्रोजन स्वरूपातील कॅटायन रेझिनमधून (पोटॅशियमसारखे आयन धरून त्यांच्या जागी हायड्रोजन सोडणाऱ्या दाण्यांमधून) जाऊ द्यावा. चिंचेतले बरेचसे टार्टरिक पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असते. रेझिन न वापरल्यास ठिपका लांबट ओघळतो आणि मोजमाप बिघडते. याच द्रावकात टार्टरिक सर्वांत खाली राहते, सायट्रिक त्याच्या वर आणि मॅलिक सायट्रिकच्या अगदी जवळ. चिंचेत थोडे मॅलिक असू शकते, म्हणून मॅलिकचे प्रमाण द्रावण (तुलनेसाठीचे शुद्ध आम्लाचे द्रावण) शेजारी लावल्याशिवाय वरच्या फिकट ठिपक्याला सायट्रिक म्हणू नये. माझ्या मते सगळ्यांत बोलका पुरावा असा : त्याच प्लेटवर एका जागी आपला गर आणि शेजारी त्याच गरात मुद्दाम एक टक्का सायट्रिक मिसळलेला नमुना लावावा. दुसऱ्यात जो ठिपका उठतो तो पहिल्यात नसेल तर खरेदीदाराला समजावणे सोपे जाते.

प्रमाण ठरवायचे तर टार्टरिकचे ५, १०, १५ आणि २० मायक्रोग्रॅम त्याच प्लेटवर, सर्व थेंब सारख्याच आकारमानाचे लावून, आणि नमुना विरल करून या मर्यादेत आणून लावावा. ठिपक्याच्या क्षेत्रफळाचे वर्गमूळ आणि वजनाचा लॉगॅरिदम यांचा आलेख बऱ्याच अंशी सरळ येतो. फोटो फवारणीनंतर लगेच काढावा, कारण हवेतील आम्लवाफांनी पार्श्वभूमी बदलत जाते. डोळ्यांनी केलेल्या तुलनेत दहा-वीस टक्क्यांची चूक सहज राहते, तेव्हा अहवालाचा आकडा खोडून काढायला ही प्लेट पुरणार नाही. मात्र आम्ल कोणते आहे, हे ती नक्की दाखवते.

खरेदीदाराला पत्र लिहाल तेव्हा त्यात ७५ आणि ६४ चा हिशोब जरूर घाला, प्लेटचा फोटो जोडा आणि राखीव नमुना त्यांच्याच पसंतीच्या प्रयोगशाळेत पाठवण्याची तयारी दाखवा. भाचीने पुन्हा केलेल्या प्लेटचा फोटो इथे टाकलात तर ठिपक्यांविषयी मला जे कळेल ते सांगेन.