टायमर बदलण्याआधी वायरचं टोक बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि त्यातल्या एका वाक्याने माझ्या पोटात गोळा आला. डीबीतल्या (घरातल्या ब्रेकरच्या पेटीतल्या) डिजिटल टायमरवर ‘ऑफ’ दिसतं तरी गिझरचा दिवा चालूच राहतो, इलेक्ट्रिशियन टायमरच्या किमतीवर वेगळे ५०० रुपये मागतोय, मग चार वायरी आपणच बदलल्या तर काय बिघडलं, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘टायमरचा खालचा कोपरा जरा पिवळट पडलाय, जुना झाल्यामुळे असेल.’

जुना झाल्यामुळे नाही. तो कोपरा तापतोय. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं आणि तेव्हा मीही असंच म्हणाले होते.

मेन कसा पाडायचा, टेस्टर कुठे लावायचा, हे सांगत बसत नाही. तुमच्या लिहिण्यावरून हात सरावलेला दिसतोय. फक्त एक आधी बघा: टायमर ‘ऑटो’वर आहे की कुणाचं बोट लागून कायमच्या ‘ऑन’वर गेलाय. तसं असेल तर काहीच बदलायला नको. पण तुमच्याकडे ‘ऑफ’ दिसूनही करंट जातोय, म्हणजे आतल्या रिलेचे (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या स्विचचे) पॉइंट एकमेकांना चिकटलेत. पिवळा कोपरा धरून बोलायचं तर ते उष्णतेने झालं असणार.

आता आमची हकीकत. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. सासूबाईंची आंघोळ पहाटे साडेपाचला, पूजेच्या आधी. रोज अंधारात उठून बटण लावायला नको म्हणून २५ लिटरच्या गिझरला टायमर बसवून घेतला, पावणेपाच ते पावणेसहा. चौदा महिन्यांनी त्याने हेच केलं. टायमर ‘ऑफ’, गिझर चालू. वॉरंटी दोन वर्षांची होती, म्हणून तो काढून कंपनीच्या सर्व्हिस ऑफिसला घेऊन गेले.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण मला भांडण नको आहे. पण तिथे जे झालं ते इतक्या वर्षांनीही मनातून जात नाही. पहिल्या दिवशी सांगितलं, दुकानाची चिठ्ठी चालणार नाही, सीरियल नंबर असलेलं छापील बिल आणा. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने बिचाऱ्याने ते करून दिलं. दुसऱ्या खेपेला म्हणाले, लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरने बसवल्याचा कागद लागेल. तिसऱ्या खेपेला, आता दुकानातूनच बदलून घ्या. दुकानदार म्हणाला, ताई, हे काम ऑफिसचंच. यात तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस डिसेंबरच्या थंडीत पाणी गॅसवर तापवलं. एका पहाटे मी उठायच्या आत सासूबाईंनी स्वतःच पातेलं उचललं आणि पाणी पायावर सांडलं. फोड आले, पंधरा दिवस नीट चालता येत नव्हतं.

माझा राग वॉरंटी नाकारली याचा नाही. तीन खेपांत त्या टेबलामागच्या एकाही माणसाने टायमर हातात घेऊन उलटा करून पाहिला नाही. फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरच्या टर्मिनलचा (वायर आवळायच्या जागेचा) स्क्रू काळा पडला होता, भोवतीचं प्लॅस्टिक फुगलं होतं. रोज असे टायमर बघणाऱ्या माणसाला ते एका नजरेत कळतं. ‘बाई, दोष टायमरमध्ये नाही, तुमच्या वायरच्या जोडात आहे,’ एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

पुढचं म्हणजे माझी चूक. सासूबाईंचा पाय पाहून मी त्याच दिवशी तसाच दुसरा टायमर आणला आणि स्वतः बसवला. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, सोल्डरिंगची, म्हणजे डाग देण्याची, हाताला सवय. फेजच्या वायरचं टोक काळं झालेलं होतं, वरचं आवरण अर्धा इंच कडक होऊन तडकलेलं. ते कापून ताजं तांबं काढायला हवं होतं. पण आधीच्या वायरमनने वायर अगदी मोजून ठेवलेली, कापली असती तर टर्मिनलपर्यंत पोचली नसती. म्हणून मी ब्लेडने काळं खरवडलं, तारा पिळल्या, सुट्या होऊ नयेत म्हणून टोकावर सोल्डर चढवलं आणि स्क्रू आवळला. दिसायला इतकं सुबक झालं होतं की मी समाधानाने झाकण लावलं.

स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर कधीही लावू नका. सर्किट बोर्डावरची सवय इथे घातक ठरते. सोल्डर मऊ असतं. सतत दाब राहिला की ते हळूहळू दबत, सरकत जातं, तापलं की आणखी लवकर. आज घट्ट वाटणारा स्क्रू दोन महिन्यांनी सैल असतो, आणि झाकणामागे ते कुणाला दिसत नाही.

सैल जोडाने एवढं काय होतं, असं वाटत असेल तर आकडा बघा. गिझर २,००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर. सैल, काळ्या जोडात फक्त ०.१ ओहमचा अडथळा आला तरी तिथे साडेसात वॅट उष्णता तयार होते. जुना झिरोचा बल्ब १५ वॅटचा असायचा, त्याच्या निम्मी उष्णता नखाएवढ्या जागेत, बंद प्लॅस्टिकच्या आत, रोज पहाटे. तांबं तापून पसरतं, निवून आकसतं, पकड आणखी सुटते, अडथळा आणखी वाढतो.

आणि एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा ब्रेकर, पडत नाही. तो का पडेल? करंट ८.७ च आहे, वाढलेला नाही. गळतीला पडणारा ब्रेकर, आरसीसीबी, तोही पडत नाही, कारण करंट जमिनीकडे गळत नाहीये. ‘आमच्याकडे सगळे ब्रेकर नवीन आहेत’ असं तुम्ही लिहिलंय म्हणून हे मुद्दाम सांगते. या एका दोषावर त्यांचा भरवसा धरू नका.

चार महिन्यांनी घरात पहाटे मासळीसारखा वास यायला लागला. आमचं घर शाकाहारी. मी कचऱ्याचा डबा धुतला, मोरीत फिनेल ओतलं, शेजारच्यांकडे पाहुणे आलेत का तेही विचारून आले. आठवडाभर हे चाललं. इलेक्ट्रिकचं प्लॅस्टिक तापलं की असाच वास येतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एका सकाळी डीबीचं दार उघडायला हात लावला तर ते गरम लागलं. आत टायमर वितळून खाली ओघळला होता आणि शेजारच्या स्वयंपाकघराच्या एमसीबीची कडही भाजली होती. डीबीच्या खाली चपलांचं लाकडी कपाट आहे. त्या विचाराने पुढे कितीतरी रात्री मला झोप लागली नाही.

मग परवाना असलेला वायरमन बोलावला. त्याचा पहिला प्रश्न, ‘गिझर किती वॅटचा?’ तोपर्यंत हा प्रश्न मला ना दुकानात कुणी विचारला होता, ना त्या ऑफिसात. त्याने गिझरपर्यंत नवीन वायर ओढली, टोकांना फेरूल (धातूच्या छोट्या नळ्या) दाबून बसवल्या आणि टायमरच्या पुढे २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (मोठा करंट झेलणारा स्विच) टाकला. आता गिझरचा लोड कॉन्टॅक्टर घेतो, टायमर फक्त त्याला चालू-बंद करणारी कॉइल चालवतो. काम झाल्यावर लगेच निघाला नाही. गिझर लावून अर्धा तास थांबला, क्लॅम्प मीटर लावून करंट पाहिला, मग मेन पाडून प्रत्येक वायर ओढून बघितली. टायमरच्या दुप्पट पैसे घेतले. मला ते जड वाटले नाहीत.

म्हणून तुमच्या प्रश्नावर माझं मत सरळ आहे. टायमर नुसता बिघडलाय, डिस्प्ले गेलाय, आणि वायरची टोकं चकचकीत तांबडी आहेत, तर तसाच टायमर, त्याच अँपिअरचा, स्वतः बदला. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांमधला ४५ वा नियम आणि नंतरची २०१० ची केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची सुरक्षा नियमावली, दोन्हींत दिवे, पंखे, फ्यूज, स्विच अशा वस्तू जशाच्या तशा बदलायला मुभा होती, क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर; २०२३ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या नियमावलीतही ती आहे. त्यापलीकडचं काम परवानाधारकाचं. जशास तसा टायमर मी या मुभेत धरते, नवीन वायर ओढणं किंवा कॉन्टॅक्टर टाकणं धरत नाही. टोक काळं, आवरण कडक, कोपरा पिवळा, यातलं एकही दिसलं तर हात लावू नका. तुमच्याकडे दिसलंय.

ज्याला बोलवाल त्याने टोक न कापता नुसता स्क्रू आवळला तर त्याला थांबवा. बोलायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा, पण घर आपलं असतं. टर्मिनलवर कॉमन, एनओ (टायमर चालू असतानाच जोडला जाणारा), एनसी (टायमर बंद असताना जोडलेला) असे तीन पॉइंट असतील तर वायर एनओवर गेली आहे ना, हेही विचारा. एनसीवर गेली तर गिझर ठरलेला तास सोडून बाकी सगळा दिवस चालू राहतो, आणि पाणी नेहमी गरम मिळत असल्यामुळे बिल येईपर्यंत कुणाला कळत नाही.

नवीन टायमर घेताना बॅटरीचा बॅकअप असलेलाच घ्या. आपल्याकडे देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते. खिळ्यांच्या चकतीचा मोटरवाला टायमर वीज गेली की तिथेच थांबतो. तीन तास गेली तर दुसऱ्या दिवशीपासून पहाटेचं पाणी तीन तास उशिरा. आणि वेळ एका तासापेक्षा जास्त लावू नका. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला २,००० वॅटच्या गिझरला साधारण ३५ मिनिटं लागतात, वीज १.२ युनिटच्या आत.

मी इलेक्ट्रिशियन नाही. तुमची डीबी मी पाहिलेली नाही, वायरिंग किती जुनं आहे तेही तुम्ही लिहिलेलं नाही. प्रत्यक्ष बघणारा जाणकार माणूस माझ्यापेक्षा वेगळं काही म्हणाला तर त्याचं ऐका.

आजपासून गिझरचा एमसीबी मात्र पाडूनच ठेवा. नुसतं बाथरूममधलं बटण बंद ठेवून भागणार नाही, घरात कुणीतरी सवयीने ते लावतंच. काम होईपर्यंत गॅसवर पाणी तापवाल तेव्हा बादलीत आधी गार पाणी घ्या, बादली बाथरूममध्येच राहू द्या आणि गरम पाणी लहान पातेल्याने दोन-तीन खेपांत न्या. तुमच्या घरात वडीलधारी माणसं आहेत असं लिहिलंय. ती उठायच्या आत पाणी तापवून ठेवा, म्हणजे पातेलं त्यांच्या हाती लागणार नाही.