सात ते साडेनऊ

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहतो, वय ४३, नोकरी फोर्टला. डिव्होर्स होऊन आठ महिने झाले, म्युच्युअल कन्सेंटनेच झाला, भांडणतंटा असा काही नाही, मुलगी १० वर्षांची आहे ती आईकडे ठाण्याला असते आणि एक आड एक शनिवार-रविवार माझ्याकडे येते. दिवसाचं काही वाटत नाही, ऑफिसात काम असतं, ट्रेनमध्ये आमचा ग्रुप आहे, गप्पा होतात, पण सातला लॅच उघडून आत आलं की सगळा काळोख आणि सकाळी टॉवेल जिथे टाकला होता तिथेच पडलेला. आधी टीव्ही लावतो, बघत नाही, नुसता आवाज पाहिजे म्हणून. मग सोफ्यावर मोबाईल घेऊन बसलो की रील्स बघता बघता साडेदहा कधी वाजतात कळत नाही, मग काहीतरी मागवायचं नाहीतर ब्रेड-अंडं. आधी फक्त शुक्रवारी एक-दोन पेग घ्यायचो, ते आता आठवड्यातून चारदा व्हायला लागलंय, खरं तेच सांगतो. आई म्हणते गावाला ये, बहीण म्हणते दुसरं लग्न कर, मित्र म्हणाले जिम लाव, ती लावली, सहा महिन्यांचे पैसे भरले आणि तीन दिवस गेलो. मला एवढंच विचारायचंय की एकटी माणसं संध्याकाळी घरात नक्की करतात तरी काय?

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य वाचून आधी हसू आलं आणि मग गेलं, कारण १९९६ साली मी अगदी हेच माझ्या थोरल्या बहिणीला विचारलं होतं. तेव्हा पुण्यात होते, भाड्याची एक खोली, आणि ऑफिस सुटलं की त्या खोलीचं कुलूप उघडायचं या विचारानेच पाय जड व्हायचे. मी काय करायचे सांगू? स्वारगेटहून पीएमटीची बस पकडून कात्रजला जायचे आणि त्याच बसने परत यायचे. काम काहीही नाही. पुढे पुढे कंडक्टर ओळखायला लागला, न विचारता रिटर्नचं तिकीट द्यायचा. एकदा चार दिवस तापाने गेले नाही तर पाचव्या दिवशी म्हणाला, काय मॅडम, गावाला गेला होतात का? त्या एका प्रश्नावर मी आठवडाभर जगले, खोटं नाही सांगत.

हे स्वतःचं पुराण अशासाठी की तुमची जिम का सुटली ते मला त्या बसमुळे कळतं. तुम्ही आळशी आहात म्हणून नाही सुटली. तुम्ही आलात काय नि नाही आलात काय, ट्रेडमिलला काही फरक पडत नव्हता. लग्नात दुसरं काही असो नसो, सातची ट्रेन चुकली तर कुठे पोचलास असा फोन येतो, कधी कधी चिडून येतो, पण येतो. तो फोन बंद झालाय. त्यामुळे संध्याकाळ नुसती भरून उपयोग नाही, भरायला तुमचा मोबाईल समर्थ आहे, रोज साडेतीन तास भरतोच आहे की. तुम्ही नाही गेलात तर ज्यांचं अडेल किंवा निदान चुकल्यासारखं वाटेल, अशा ठिकाणी आठवड्यातले दोन दिवस बांधून टाका. दोनच. पाचही दिवस बांधायला जाल तर त्याचंही जिमसारखंच होईल.

आपल्याकडे या वेळेला कातरवेळ हा शब्द आहे तो काय उगाच नाही. आजीच्या काळात तिन्हीसांजेला किती नियम होते आठवा, झोपायचं नाही, केर काढायचा नाही, केस विंचरायचे नाहीत, देवापाशी दिवा लावायचा, मुलांनी हातपाय धुऊन शुभंकरोति म्हणायचं. अंधश्रद्धा म्हणा हवं तर, पण त्या तासाला घरातल्या प्रत्येकाच्या हाताला काहीतरी लावून दिलेलं होतं, कारण बाहेर गेलेली माणसं परत यायची वेळ ती, आणि ज्याचं कुणी यायचं नाही त्याला ती खायला उठते. तुमची अडचण अख्ख्या आयुष्याची नाहीये हो, साधारण सात ते साडेनऊ एवढीच आहे. मला तर हे कळल्यावरच जरा सुटल्यासारखं झालं होतं.

आता डोंबिवलीत राहून माणसं कुठे शोधू असं विचारू नका. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा तुमच्या गावाने १९९९ साली सुरू केली आणि मग ती गावोगाव गेली. त्याआधी चित्ररथ, रांगोळ्या, ढोलपथकाच्या तालमी असं सगळं चाललेलं असतं आणि बरंचसं संध्याकाळीच, कारण तिथली माणसंही तुमच्यासारखीच ट्रेनने घरी येणारी. गणपतीच्या आधीही पथकांच्या तालमी दीडदोन महिने चालतात. ४३व्या वर्षी ढोल कमरेला बांधवत नसेल तर ताशा घ्या, झांजा घ्या, तेही नको तर पोरांना पाणी द्या, ते काम कुणालाच नको असतं म्हणून तुमचं स्वागत होईल. ढोल नकोच असेल तर तबला-पेटीचे क्लास गल्लोगल्ली आहेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा असतात ना, प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, मग पूर्ण, त्यांना वयाची अट नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ पन्नाशीत प्रारंभिकला बसले, शेजारी आठ वर्षांची मुलगी, आणि ती यांना सांगत होती काका घाबरू नका. परीक्षा आहे म्हटल्यावर घरीही अर्धा तास धा-धिं-धिं-धा करावं लागतं, टीव्हीचा आवाज आपोआप बंद. (शेजारी काय म्हणतील ते म्हणू देत, त्यांच्याकडच्या सिरियली तुम्ही ऐकताच आहात.)

वाचनालय मी मुद्दाम मागे ठेवलंय. तुमच्या शेजारीच कल्याणचं सार्वजनिक वाचनालय आहे, १८६४ सालचं, पुस्तकं घरी आणा जरूर. पण पुस्तक एकट्यानेच वाचायचं असतं आणि एकट्याने करायच्या गोष्टी तुमच्याकडे सध्या भरपूर आहेत.

आणि तो ट्रेनचा ग्रुप! ती माणसं रोज दीड तास तुमच्या खांद्याला खांदा लावून उभी असतात, त्यांना माहीत आहे का तुम्ही घरी जाऊन काय करता? माझा अंदाज, डिव्होर्स झालाय हेच निम्म्यांना माहीत नसेल. त्यातल्या डोंबिवलीलाच उतरणाऱ्या एकाला सांगा, सगळ्यांना नको. बुधवारी उतरल्यावर स्टेशनबाहेर वडापाव खाऊन मगच घरी जायचं एवढं जरी ठरलं तरी बुधवार सुटला.

मुलीला फोन रोज एका ठरल्या वेळी करा, साडेआठ म्हणजे साडेआठ, तिच्या आईला आधी विचारून. जेवलीस का, अभ्यास झाला का, हे दोन मिनिटांत संपतं आणि मग दोघंही गप्प. त्यापेक्षा तिला धडा मोठ्याने वाचायला सांगा, नाहीतर दोघांनी एकच कोडं सोडवा, नाहीतर तुम्ही कुकर लावताय ते तिला व्हिडिओवर दाखवा, मुलींना बापाचा स्वयंपाक बघायला फार मजा येते. आई काय करते, कोण आलं होतं, हे चुकूनही विचारायचं नाही.

कुकरवरून आठवलं. एकट्यासाठी कोण करतंय, हे मीही दोन वर्षं म्हटलं आणि त्यात पोटाची वाट लावली. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ, धुऊन, तेलात मोहरी-जिरं-हिंग-हळद, असला तर एखादा टोमॅटो, मीठ, अडीच वाट्या पाणी, तीनचार शिट्ट्या. वर तूप, शेजारी भाजलेला पापड. कुकर दोन लिटरचा घ्या, मोठ्या पाच लिटरच्यात अर्धी वाटी तांदूळ बघितला की रडू येतं, आणि ताटात वाढून घेऊन टेबलाशी बसून जेवा, सोफ्यावर नाही. घरात शिजल्याचा वास आला की घर निम्मं बरं होतं.

आता पेगचं. हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत म्हणून स्पष्टच बोलते. एकाचे चार दिवस आठ महिन्यांत झाले, चाराचे सात व्हायला तेवढेही लागणार नाहीत. बाटली घरात ठेवू नका, प्यायचीच असेल तर माणसांत, आणि मुलगी येणार त्या शनिवार-रविवारी अजिबात नाही. झोप लागत नाही, भूक नाही, कशातच मन नाही असं दोन आठवडे सलग चाललं, किंवा घेतल्याशिवाय राहवेना, तर डॉक्टरकडे जा. जगणं नकोसं वाटलं तर मात्र एक दिवसही थांबू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीही लागते आणि मराठीत बोलता येतं.

बहिणीला सांगा, लग्नाचं बघू. संध्याकाळ जात नाही म्हणून केलेल्या लग्नात सकाळही असते, दुपारही असते.

प्रश्न : मी ३४ वर्षांची, नाशिकला माहेरी परत आलेय. घरात आई-बाबा, दादा-वहिनी, भाचे, सगळे आहेत, तरी संध्याकाळ नको वाटते. सगळे जरा जास्तच जपून बोलतात, मी खोलीत आले की टीव्हीवरची लग्नाची सिरियल बदलतात. एकटी राहायला जाऊ का?

उत्तर : पगार पुरत असेल तर जा की, पण सिरियलवर रागावून नको. आधी एक करून बघ. रात्रीची भाजी तुझी असं जाहीर करून टाक आणि वहिनीला त्या वेळी ओट्यापासून लांब पाठव. पाहुणीला जपतात, जिच्याकडे घरातलं काम आहे तिच्याशी भांडतात, आणि वहिनी एकदा तुझ्याशी मिठावरून भांडली ना की सिरियल बदलायचं बंद होईल. दोन महिन्यांनी परत लिही, तोवर भाड्याची चौकशी करून ठेव.