हानलेच्या फोटोतला हिरवा रंग घालवू नका

निपाणीच्या भाऊंनी विचारलंय, लडाखमधल्या हानलेच्या थंड वाळवंटात रात्री काढलेल्या फोटोंत क्षितिजावर हिरवट पट्टे आलेत, डोळ्यांना तर काहीच दिसलं नव्हतं, व्हाईट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगांची सेटिंग) चुकला का, आणि ऑक्टोबरात परत जायचंय तर काय करू.

भाऊ, काही चुकलेलं नाही, तो एअरग्लो आहे, म्हणजे वातावरणाचा स्वतःचा मंद उजेड! दिवसा उन्हानं फुटलेला ऑक्सिजन रात्री परत जुळताना साधारण 95 किलोमीटर उंचीवर हा उजेड सोडतो, 557.7 नॅनोमीटरचा हिरवा, पण इतका मंद की डोळ्यांना राखाडीच वाटतो. लाल दिसला तर तो आणखी वरचा, 250 किलोमीटरच्या आसपासचा. गावाचा उजेड एका दिशेला घुमटासारखा बसून राहतो, हे पट्टे सरकतात, लागोपाठच्या दोन फ्रेम आलटून पालटून बघा की, लगेच कळतंय.

म्हणून फोटो एडिट करताना ग्रेडियंट रिमूव्हल (आकाशाचा कमी-जास्त उजेड सपाट करणारं) आणि ऑटो कलर बंद ठेवा, ही सॉफ्टवेअरं तो रंग घाण समजून पुसून टाकतात, मग एवढं 4,500 मीटर चढून जाऊन काय मिळवलं? रॉ मध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) काढा, व्हाईट बॅलन्स 4000 केल्विनला फिक्स, 14 ते 20 एमएम लेन्स, एफ 2.8, आयएसओ 3200 ते 6400, 15-20 सेकंद. नॉईज (फोटोतले दाणे) कमी करायला लोक पन्नास-पन्नास फ्रेम स्टॅक करतात, म्हणजे एकावर एक रचून एक फोटो करतात, तारे छान येतात पण पट्टे सरकलेले असल्यामुळं लाटा पार विरघळून जातात, त्यापेक्षा टाइमलॅप्स करा. जमिनीसाठी जास्त सेकंदांची वेगळी फ्रेम घ्या.

ऑक्टोबरात अमावस्येच्या आसपास जा आणि पहाट सोडू नका. सूर्योदयाआधी दीड-दोन तास पूर्वेला झोडिॲकल लाईटचा तिरका सुळका उभा राहतो, ग्रहांमधल्या धुळीवर पडलेलं ऊनच ते. त्याचा सराव इथंच आपल्या निपाणीकडं होतो, उलट आपल्या अक्षांशावर तो हानलेपेक्षा जास्त ताठ दिसतो! पाऊस उघडला की साखर कारखाने पेटायच्या आत अथणीकडच्या माळावर जावा, नंतर त्या दिव्यांपुढं काही टिकत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोच सुळका संध्याकाळी पश्चिमेला असतो.

हानलेला डार्क स्काय रिझर्व्ह (अंधारं आकाश जपलेला भाग) आहे, त्यामुळं लाल टॉर्चच न्या, गाडीचे दिवे कुणाच्या फ्रेमवर पडू देऊ नका. लेहला दोन दिवस तरी मुक्काम करून मगच वर जा. थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते, जादाच्या बॅटऱ्या स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा आणि काचेवर दव धरू नये म्हणून लेन्सला हीटरचा पट्टा बांधा.